ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या, बेसल थर्मामीटर आणि मोबाइलमधलं ॲप: नागपुरात वापरून झालेलं मत

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. मूल हवं असेल आणि अंडं फुटायचा दिवस ओळखायचा असेल (यालाच ओव्ह्युलेशन म्हणतात, अंडाशयातून अंडं बाहेर पडणं), तर मेडिकलमध्ये मिळणारी, लघवीत बुडवायची साधी ओव्ह्युलेशनची पट्टी घ्या, पैसे वसूल आहेत. डिजिटल किटच्या वाटेला जाऊ नका. बेसल थर्मामीटर, म्हणजे सकाळी उठताच अंगाचं तापमान बारकाईने मोजायचा, दोन-तीन पाळ्यांपुरता वापरा आणि मग ठेवून द्या. ॲपमध्ये पाळीच्या तारखा लिहीत जा, पण दिवस जायची शक्यता जास्त म्हणून ते जे हिरवे दिवस दाखवतं त्यांच्या भरवशावर राहू नका. आणि या सगळ्याच्या आधी किंवा निदान सोबत नवऱ्याच्या वीर्याची तपासणी करून घ्या. आता हे असं का, ते सविस्तर लिहिते. आम्ही चान्स घ्यायला लागलो तेव्हा मला मराठीत वाचायला हेच मिळत नव्हतं.

माझं वय बत्तीस. मी सकाळच्या शाळेत शिकवते, एकच्या सुमारास मानेवाड्याला घरी परत येते. नवरा बुटीबोरीला कारखान्यात आहे, त्याची शिफ्ट आठवड्याला बदलते. पाळी एकतीस ते पस्तीस दिवसांची, म्हणजे तब्येतीला काही धाड नाही, पण तारखेचा नेम नाही. आमची खरी अडचण शिफ्टची होती. त्याची रात्रपाळी असलेल्या आठवड्यात आमची भेट म्हणजे सकाळी मी निघताना आणि तो आत येताना, दारातच. असं असताना 'पाळीनंतर चौदाव्या दिवशी' हा जो सगळीकडे सांगितला जाणारा हिशेब आहे तो आमच्या काही कामाचा नव्हता.

चौदावा दिवस हा अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचा हिशेब आहे. अंडं फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक बायकांमध्ये साधारण दोन आठवड्यांचा असतो आणि तो फार हलत नाही. हलतो तो आधीचा काळ. म्हणून मागे मोजायचं. पस्तीस दिवसांची पाळी असेल तर अंडं फुटतं एकविसाव्या दिवसाच्या आसपास, आणि त्या बाईने चौदाव्या दिवसाच्या भोवतीच प्रयत्न केले तर महिनाच्या महिना वाया जातो. ॲपही हाच हिशेब करतं, फक्त तुमच्या मागच्या तारखांची सरासरी काढून. पण या महिन्यात तुम्हाला ताप आला, परीक्षेच्या पेपरांनी झोप उडाली, अंडं चार दिवस उशिरा तयार झालं, हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. माझ्या एका पाळीत ॲपने दाखवलेला 'सर्वोत्तम दिवस' आणि पट्टीवर रेषा गडद झालेला दिवस यांत जवळजवळ आठवड्याचा फरक होता. त्या दिवसापासून ॲप माझ्यासाठी वही झालं, बाकी काही नाही.

पट्टी मात्र आज शरीरात काय चाललंय ते बघते. अंडं फुटायच्या आधी मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचं हार्मोन एकदम मोठ्या प्रमाणात सोडते, ते लघवीत उतरतं, आणि पट्टी ते पकडते. ही उसळी सुरू झाल्यापासून साधारण चोवीस ते छत्तीस तासांत अंडं फुटतं. म्हणजे पट्टी आपल्याला साधारण एक दिवस आधी सूचना देते. शिफ्टवाल्या घरात या एका दिवसाची किंमत काय आहे ते शिफ्टवाल्यांनाच कळेल. नवऱ्याला सहकाऱ्याशी शिफ्ट अदलाबदल करून घेता आली, तीही कारण न सांगता.

सुरुवात कधी करायची? आपल्या सगळ्यांत लहान पाळीच्या दिवसांतून सतरा वजा करा, त्या दिवसापासून रोज एक पट्टी. माझी लहानात लहान पाळी एकतीस दिवसांची, म्हणून मी चौदाव्या दिवसापासून लावते. अठ्ठावीसवाल्या बाईने अकराव्यापासून लावावी. पाळी ज्या दिवशी नीट सुरू होते तो पहिला दिवस धरायचा, आदल्या दिवसाचा डाग धरायचा नाही.

आता वापरायची रीत. प्रेग्नन्सी टेस्ट सकाळच्या पहिल्या लघवीवर करतात म्हणून हीसुद्धा तशीच असेल असं बहुतेक जणी धरून चालतात. एलएचची उसळी बऱ्याचदा पहाटे सुरू होते आणि लघवीत दिसायला काही तास जातात, त्यामुळे सकाळी दहा ते रात्री आठ यातली एक वेळ ठरवून रोज त्याच वेळी करणं बरं. मी दुपारी शाळेतून आल्यावर करते. काही कंपन्यांच्या चिठ्ठीवर वेगळी वेळ असते, तिथे चिठ्ठीचंच ऐकावं. दोन तास आधीपासून पाणी कमी प्यायचं आणि शक्य असेल तर तेवढा वेळ लघवीलाही जायचं नाही.

हे 'पाणी कमी' प्रकरण नागपुरात उन्हाळ्यात अवघड आहे. एप्रिल-मेमध्ये शाळेतून स्कूटीवर घरी येईपर्यंत जीव कासावीस झालेला असतो, आल्या आल्या माठातलं दोन तांबे पाणी पोटात जातं. मग लघवी पाण्यासारखी पातळ, आणि रेषा पुसट. उसळी असूनही ती दिसत नाही. पण यावर तहान मारून राहायचं हा उपाय नाही. नागपूरच्या उन्हात पाणी न पिणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. मी उन्हाळ्यात वेळच बदलली. दुपारी भरपूर पाणी, ताक, पन्हं सगळं पिऊन घेते, चार ते सहा फक्त घोटभर, आणि सहाला पट्टी. रेषा पहिल्यासारख्या स्पष्ट यायला लागल्या.

उन्हाची दुसरी गोष्ट पाकिटावरच छापलेली असते पण ती कोणी वाचत नाही. माझ्या पाकिटांवर 'दोन ते तीस अंश तापमानात ठेवा' असं होतं. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी तीस अंश कुठे शोधायचे? मी एकदा ऑनलाइन स्वस्त पडतं म्हणून मोठं पाकीट मागवलं, ते ऐन मेमध्ये आलं. कुरिअरवाल्या पोराने हातात दिलं तेव्हा पाकीट धरवत नव्हतं इतकं तापलेलं होतं. पट्टीवर दोन रेषा असतात, पट्टी नीट चालते आहे हे सांगणारी कंट्रोलची आणि एलएच दाखवणारी तपासणीची; त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांवर कंट्रोलची रेषासुद्धा उमटली नाही. कंट्रोलची रेषा आली नाही म्हणजे ती पट्टी बाद, तिच्यावरून 'उसळी नाही' असा अर्थ काढायचा नाही. विकणाऱ्याने 'तुम्हीच चुकीची वापरली' म्हणून पैसे परत दिले नाहीत. तेव्हापासून मी उन्हाळ्यात ऑनलाइन मागवणं बंद केलं. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, मुदत बघून दोन-तीन डबे घेऊन ठेवते आणि उन्हाळ्यात ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, स्टीलच्या डब्यात. वापरायच्या आधी बंद पाकीट अर्धा तास बाहेर काढून ठेवायचं आणि मगच फाडायचं.

आणि कूलर. आपल्याकडे कूलर लावला की खोली गार होते तशी दमटही होते. पट्टीला ओल चालत नाही, म्हणून तर प्रत्येक पाकिटात ती ओल शोषणारी छोटी पुडी असते. पाकीट फाडलं की लगेच वापरायचं, 'फाडून ठेवते, येऊन करते' असं नाही.

पट्टी बुडवताना बाण असलेलं टोक खाली, 'मॅक्स' लिहिलेल्या रेषेच्या वर लघवी जाऊ द्यायची नाही. चिठ्ठीवर दिलेले पाच-दहा सेकंद धरायची, मग कोरड्या जागेवर आडवी ठेवायची. गुलाबी पाणी हळूहळू वर सरकतं आणि मागची जागा पांढरी होत जाते. आधी कंट्रोलची रेषा, मग तपासणीची. घड्याळ लावून पाच मिनिटांनी वाचायची, दहा मिनिटांनंतर जे दिसेल ते धरायचं नाही.

सगळ्यांत जास्त गोंधळ वाचण्यात होतो, म्हणून हे नीट वाचा. प्रेग्नन्सी टेस्टमध्ये दुसरी रेषा कितीही फिकट असली तरी ती मोजतात. इथे तसं नाही. एलएच शरीरात थोडं थोडं रोजच असतं, त्यामुळे फिकट दुसरी रेषा रोजही दिसू शकते आणि तिचा अर्थ 'अजून नाही' असाच. तपासणीची रेषा कंट्रोलच्या रेषेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच उसळी. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीने दोन रेषा बघून सलग दहा दिवस आपण गर्भ राहण्याच्या काळातच आहोत असं समजून घेतलं होतं. बिचारीला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी पट्ट्या वाळल्या की वहीत एकाखाली एक चिकटवते, बाजूला तारीख आणि पाळीचा दिवस. एकटी पट्टी बघून 'इतकीच आहे की थोडी कमी' हा प्रश्न सुटत नाही. कालची आणि परवाची शेजारी ठेवली की चढ दिसतो. पिवळ्या बल्बखाली वाचू नका, खिडकीपाशी घेऊन जा. आमच्या खोलीत मी आणि नवरा दोघं खिडकीच्या उजेडात मान वाकवून ती बघत असू. त्याची नजर माझ्याहून चांगली आहे, 'कालच्याहून गडद आहे, पण वरच्या रेषेइतकी नाही' हे तो अचूक सांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती तितकी झालेली असायची.

तरीही रेषा गडद व्हायची वाट बघत बसू नका, हे मी आग्रहाने सांगते. अंडं बाहेर पडल्यावर जेमतेम बारा ते चोवीस तास टिकतं. शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. १९९५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २२१ बायकांचा एक अभ्यास छापून आला होता. त्यात ज्या दिवशी संबंध आले आणि गर्भ राहिला ते सगळे दिवस अंडं फुटण्याच्या आधीचे पाच आणि फुटण्याचा एक, अशा सहा दिवसांतच होते. म्हणजे गाडी येण्याआधी फलाटावर असायला हवं. पट्ट्या लावायला सुरुवात केली की एक दिवसाआड, आणि रेषा गडद झाली की तो दिवस आणि पुढचा दिवस, असं आम्ही ठरवलं. याचा आणखी एक फायदा झाला. 'आज रेषा आली, आजच' हा हुकूम उरला नाही. तो हुकूम नवऱ्यावर फार जड जातो. रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या तोंडासमोर पट्टी धरणं बरं नाही.

याचा उपयोग खरंच होतो का, असं कोणी विचारलं तर वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०२३ सालचा आढावा मी सांगते. चाळिशीच्या आतल्या, वर्षभरापेक्षा कमी काळ प्रयत्न करणाऱ्या बायकांमध्ये पट्टीशिवाय शंभरात १८ जणींना दिवस जात असतील तर पट्टी वापरून वेळ साधल्यास २० ते २८ जणींना जातील, असा त्यांचा अंदाज आहे. फायदा आहे, पण चमत्कार नाही. ही पट्टी बघून आशा किती ठेवायची, ते या आकड्यावरून ठरवावं.

आता थर्मामीटर. अंडं फुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि सकाळचं अंगाचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसने वर जातं. एवढा फरक तापाच्या साध्या थर्मामीटरवर नीट दिसत नाही, दशांश चिन्हानंतर दोन आकडे दाखवणारा बेसल थर्मामीटर लागतो. मला तो आमच्या भागातल्या मेडिकलमध्ये मिळाला नाही, मागवावा लागला. डोळे उघडले की अंथरुणातून उठायच्या आधी, काही न बोलता, जिभेखाली, रोज एकाच वेळी. त्याआधी किमान तीन तास सलग झोप हवी. आता उन्हाळ्यात पहाटे तीनला लाइट गेली, कूलर बंद पडला, आपण घामाघूम होऊन गच्चीवर गेलो, तर त्या दिवसाचा आकडा कसा धरणार? माझा मे महिन्याचा आलेख नुसता वर-खाली होता. थंडीतला मात्र सुरेख आला, एक पायरी चढून वरच राहिलेला.

सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "काहून वं, ताप येऊन राहिला का तुले? रोज सकाळी काय पाहतं?" मी सरळ सांगितलं, "आई, यानं अंडं कधी फुटलं ते समजतं." त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग दूध मी घेत जाईन. तू पडली राह्य तेवढा वेळ." दूधवाला पाचला घंटी वाजवतो आणि तोवर मीच उठत असे. त्यांनी त्या दिवसापासून दूध घेतलं आणि पुन्हा कधी एका शब्दानेही विषय काढला नाही. घरात लपवालपवी करून हे सगळं करणं फार थकवतं, ज्यांना शक्य आहे त्यांनी एका तरी माणसाला सांगून टाकावं.

थर्मामीटरची मर्यादा अशी की तो अंडं फुटून गेल्यावर सांगतो. त्या महिन्यासाठी त्याचा उपयोग संपलेला असतो. पण पट्टी सांगते ती उसळीची गोष्ट, अंडं खरंच फुटलं की नाही हे तिला माहीत नसतं. तापमान चढून राहिलं तर फुटलं असं समजायला जागा आहे. म्हणून दोन-तीन पाळ्या दोन्ही एकत्र करा, आपली घडी समजून घ्या, आणि मग थर्मामीटर कपाटात टाका. मी तेच केलं. रोज सकाळी आकड्याने दिवस सुरू होणं मला सोसत नव्हतं.

तिसरी खूण फुकट आहे आणि आपल्याकडे तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. त्या दिवसांत अंगावरून जाणारं पाणी बदलतं, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं निसरडं, पारदर्शक, बोटांत ताणलं तर तुटत नाही असं होतं. कित्येक जणी त्याला आजार समजून घाबरतात. वास, खाज, जळजळ नसेल तर ती शरीराची साधी सूचना आहे, आणि माझ्या बाबतीत ती पट्टीच्या एक-दोन दिवस आधीच येते.

ज्यांना पीसीओएस (हार्मोन बिघडून अंडं नियमित न फुटण्याचा त्रास) आहे त्यांनी एकट्या पट्टीवर विसंबू नये. त्यांच्यात एलएच मुळातच वाढलेलं असू शकतं, मग पट्टी पुन्हा पुन्हा गडद दाखवते आणि अंडं काही फुटत नाही. अंडं फोडण्याचं एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानेही पट्टी खोटी गडद येते. अशांना फॉलिक्युलर स्टडीच हवी, म्हणजे सोनोग्राफीत अंड्याची वाढ बघणं. माझी एका पाळीत झाली आहे. दवाखान्यांच्या धंतोलीत गाडी लावायला जागा शोधण्यात जितका वेळ गेला त्याहून कमी वेळ तपासणीला लागला. तिथल्या निकालाशी माझी पट्टी जुळली, याचं मला फार समाधान वाटलं. पण दर महिन्याला शाळा सोडून एक दिवसाआड हे करणं जमणारं नाही, आणि गरज नसताना करूही नये.

डिजिटलबद्दल दोनच वाक्यं. बहिणीने तिच्याकडचं वापरून बघायला दिलं होतं, रेषा वाचायची कटकट नाही, पडद्यावर हसरा चेहरा येतो. पण साध्या पट्टीच्या कितीतरी पट पैसे देऊन मिळतं तेच उत्तर, आणि वहीत चिकटवायला मागे काही राहत नाही.

ती वही कामाला आली. प्रयत्न करून वर्ष झालं की डॉक्टरांना भेटायचं, पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांतच, असा नियम आहे. आम्ही गेलो तेव्हा डॉक्टर मॅडमनी पानं उलटून बघितली आणि प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी 'एकविसाव्या दिवशी' न लिहिता माझ्या पाळीप्रमाणे पुढे ढकलून दिली, कारण ती पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी व्हायला हवी आणि एकविसावा दिवस फक्त अठ्ठावीसच्या पाळीला लागू पडतो. फॉलिक ॲसिड सुरू केलं. आणि नवऱ्याचं सीमेन ॲनालिसिस, म्हणजे वीर्याची तपासणी, लिहून दिलं. तो निमूट जाऊन करून आला, त्याबद्दल मला त्याचा अभिमान आहे. ओळखीत असे कितीतरी संसार बघितलेत जिथे बायको वर्षानुवर्षं सुया टोचून घेते आणि नवऱ्याची ही साधी, एका सकाळची तपासणी कोणी मागतच नाही. पट्टीला या बाजूचं काहीही कळत नाही. तुमची रेषा दर महिन्याला सुंदर गडद येत असेल आणि तरी दिवस जात नसतील, तर आणखी पट्ट्या आणू नका, दोघं मिळून डॉक्टरांकडे जा.

खरेदीचं तेवढं सांगते. मेडिकलमध्ये नुसतं 'किट' मागितलं की प्रेग्नन्सीचंच काढून देतात, म्हणून 'ओव्ह्युलेशनची' असा स्पष्ट शब्द वापरा आणि डब्यावर एलएच लिहिलंय का ते वाचून घ्या. आय-नो हे नाव सांगितलं की बहुतेक दुकानदारांना कळतं. कॉलनीतल्या लहान दुकानांत ती ठेवत नाहीत, सांगितलं तर एका दिवसात मागवून देतात. मी गंजीपेठेत दवाबाजाराकडे काम निघालं की तिथूनच दोन-तीन डबे एकदम आणते. दुकानातली पट्टी सुट्या ऑनलाइन पट्टीपेक्षा बरीच महाग पडते, पण ती उन्हात तापलेली नसते आणि बाद निघाली तर जाऊन बोलायला समोर माणूस असतो. पाळी लांब-आखूड होत असेल तर एका डब्यातल्या पट्ट्या एका पाळीला पुरत नाहीत, दोन घ्या. मुदत बघा, डबा दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात ठेवलेला असेल तर आतला मागा.